बर्डीचा किल्ला चारला बंद होतो

सव्वीस जानेवारीचं शाळेतलं झेंडावंदन आटोपून, पोरांना बुंदीच्या पुड्या वाटून हर्षा प्रताप नगरातल्या घरी परतली, तेव्हा साडेआठ वाजले होते आणि सासऱ्यांची अजून आंघोळ व्हायची होती. मनोहरराव गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. त्यांचं पेपर वाचणं म्हणजे निविदांच्या जाहिरातींसकट वाचणं.

सासूबाई मात्र तयार होत्या. जयवंताबाई सोफ्याच्या अगदी टोकाला, दुसऱ्याच्या घरी बसावं तशा बसल्या होत्या. हिरवं पातळ, अंबाड्यात शेवंतीचं एक फूल, पायांत नातीचे, मेघाचे पांढरे मोजे आणि मांडीवर पिशवी.

"सहापासून अशीच बसून आहे," सुशील म्हणाला.

"मंग बाबांले काहून नाही उठवलं?"

"ते तर पाचलेच उठले."

हर्षानं नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. सुशील वीज खात्यात इंजिनियर होता. हाताखाली चाळीस माणसं होती आणि साहेब फार खेकसतात अशी त्यांची तक्रार तिच्या कानावर होती. घरी बाप आला की याच साहेबांच्या तोंडून 'हो बाबा' सोडून तिसरा शब्द निघत नसे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिनं तरी ऐकला नव्हता.

"बाबा, आंघोळ करून घ्या," ती गॅलरीच्या दारातून म्हणाली. "किल्ला नवाले उघडते अन् चारले बंद होते. मंग लय गर्दी होऊन जाते."

"किल्ला कुठं पळून जाऊन राहिला काय?" मनोहररावांनी पान उलटलं.

तीन दिवसांचं हे नागपूर-दर्शन हर्षानंच आखलं होतं, त्यामुळं तक्रार करायची तरी कोणाकडं हा प्रश्नच होता. शनिवारी मेट्रोत बसवलं, तर सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला मनोहररावांनी पाव तास लावला. मागं माणसं खोळंबली, आणि हे त्यांनाच विचारत राहिले की साध्या जिन्याला काय रोग झाला होता. रविवारी सकाळी तर्रीपोहे खायला नेलं. तिथं त्यांनी बोट बुडवून तर्री चाखली आणि ही मिरची भिवापूरची नाही, असं गाडीवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. गोरेवाड्याला वाघ दिसला तेव्हा बसमधली सगळी माणसं श्वास रोखून बसली होती. मनोहरराव मोठ्यानं म्हणाले, "याचं तिकीट काढाचं? आमच्या वावरात फुकट येते." रात्री सावजीचा रस्सा खाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिखट नाही म्हणून नाक मुरडणं चालूच होतं.

हे सगळं हर्षानं गिळलं, कारण खरी सहल आजची होती.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जयवंताबाई नवी नवरी होऊन भिवापूरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरला पहिल्यांदा आल्या. सायकलरिक्षा बर्डीच्या बाजारातून जाताना वर टेकडीवर झाडी आणि तटबंदी दिसली. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. "किल्ला आहे. मिलिट्रीचा. तिथं कोणाले जाऊ देत नाही," मनोहररावांनी सांगितलं, आणि विषय संपला. पुढं दवाखान्यासाठी, लग्नांसाठी, नातीच्या बारशासाठी त्या कितीदा तरी आल्या आणि दर वेळी बर्डीवर मान वर करून पाहत गेल्या. गेल्या दिवाळीत हर्षा बोलता बोलता सांगून गेली की तो किल्ला वर्षातून तीन दिवस सगळ्यांना खुला असतो, सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट. जयवंताबाईंनी हातातली करंजी खाली ठेवली. "बायांले बी?" त्यांनी दोनदा विचारलं. स्वतःहून कधी फोन न करणाऱ्या त्या बाईनं मग डिसेंबरात फोन केला. "सव्वीस जानेवारीले येऊ काय वं आम्ही? गुडघे आता तरी चढ चढतात. पुढचं कोण सांगावं."

म्हणून आजचा दिवस. आणि दहा वाजता, मनोहरराव एकदाचे टोपी घालून तयार झाल्यावर, त्यांचा फोन वाजला.

"बाबा, कुठपर्यंत आले?" नणंदेचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. "पाटोड्या करून ठेवल्या. रस्सा उकळून राहिला."

"कोणत्या पाटोड्या?" हर्षानं विचारलं.

मनोहररावांनी फोन खिशात टाकला. "कामिनीकडं जेवाचं आहे. मी कालच सांगितलं तिले."

"बाबा, परवा कामिनीताई इथंच होत्या ना जेवाले."

"ते तुह्या घरी झालं. तिच्या घरी कुठं झालं? पोरीच्या गावात येऊन पोरीच्या घरी पाणी नाही प्याचं?"

"मंग आधी किल्ला करू, मंग नंदनवनले जाऊ."

"पाटोड्या थंड्या होतीन."

प्रताप नगर शहराच्या एका टोकाला, नंदनवन दुसऱ्या टोकाला आणि किल्ला मधोमध. हर्षानं सुशीलकडं पाहिलं. सुशीलनं गाडीची किल्ली हातात घेतली होती आणि तो ती फार लक्षपूर्वक पाहत होता. "हो बाबा," तो म्हणाला.

कामिनीचं जेवण म्हणजे काही घाईत उरकण्यासारखं नव्हतं, हे हर्षाही कबूल करत होती. पाटोडीचा रस्सा, गोळाभात, त्यावर चिंचेचं सार आणि हिंगाची फोडणी घातलेलं तेल. चौथ्या गोळ्यापर्यंत तिचा राग टिकला, मग तोही जरा ढिला पडला. कामिनी वाढत होती आणि वाढता वाढता बोलत होती. आईबाप दर खेपेला भावाकडं उतरतात याचा सल तिच्या मनात जुनाच होता.

"आईच्या डोक्यात किल्ल्याचं खूळ तूच भरवलं, हर्षा," ती म्हणाली. "या वयात चढाचं म्हंजे काय खेळ आहे?"

"मले जमते," जयवंताबाई ताटाकडं पाहत म्हणाल्या.

"तुले सारंच जमते. मंग दोन महिने गुडघे मी चोळू काय?" कामिनीनं आईच्या ताटात आणखी एक गोळा टाकला. मग आवाज खाली आणून बापाला म्हणाली, "बाबा, सिंधूताईकडं नाही गेले तुम्ही. गोपाळकाका जाऊन तीन महिने झाले. दोन गल्ल्या सोडून घर आहे त्यायचं. तुम्ही माह्या घरी जेवून गेले अन् तिथं बसाले नाही गेले हे समजलं, तर लोक मले बोलतीन."

हर्षाचा घास हातात राहिला. गोपाळराव म्हणजे मनोहररावांचे चुलतभाऊ, लहानपणापासूनचे सोबती; सिंधूताई त्यांची बायको. ते गेले तेव्हा गावी मिरचीवर रोग पडला होता आणि मनोहररावांना येता आलं नव्हतं. बसायला जायला हवंच होतं, त्याबद्दल तिची ना नव्हती. पण मयतीच्या घरी बसायला गेलेला माणूस तिथून दुसऱ्या कोणाकडं जात नाही. तो आधी सरळ आपल्या घरी येतो, हातपाय धुतो आणि मगच बाकीचं. म्हणजे पुन्हा प्रताप नगर. घड्याळात साडेबारा झाले होते.

"उद्या जाऊ न बाबा," ती म्हणाली. "उद्या सकाळी तुमाले गावाले जाचंच आहे. इकडूनच रस्ता आहे. सिंधूताईले भेटाचं अन् तिथून सरळ आपल्या घरी भिवापूरले. नियमात बी बसते."

"प्रवासाले निघताना बसाले नसते जात," मनोहरराव म्हणाले.

"मंग किल्ला पाहून संध्याकाळी येऊ."

"दिवेलागणीले तर बिलकूल नाही," हे कामिनी म्हणाली.

बापलेकीजवळ एकेक नियम कसा तयार होता! हर्षानं सासूकडं पाहिलं. आता तरी या बाईनं तोंड उघडावं. जयवंताबाईंनी शांतपणे ताटातला भात संपवला, हात धुतला आणि पातळ नीट केलं. "चला," त्या म्हणाल्या. "सिंधूबाईले भेटाले पाह्यजे."

सिंधूताईंच्या बैठकीत भिंतीवर गोपाळरावांचा फोटो होता, हार घातलेला. जयवंताबाई दिसल्या तशी सिंधूताईंनी त्यांच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडून घेतलं. मनोहरराव टोपी हातात घेऊन फोटोसमोर उभे राहिले, आणि बराच वेळ उभे राहिले. हर्षाला त्यांची दया आली. दया आली म्हणून स्वतःचाच राग आला, कारण घड्याळ काही थांबलं नव्हतं.

रडणं ओसरल्यावर सिंधूताईंनी डोळे पुसले. "कुठं कुठं फिरल्या मंग, जयवंताबाई?"

"किल्ला पाहाचा राहिला," जयवंताबाई म्हणाल्या. "आज उघडा असते म्हणे."

"पाहून घ्या वं," सिंधूताई म्हणाल्या. "आता कोणाची वाट पाहू नका."

मनोहररावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि निघू या म्हणाले. गाडीत बसेपर्यंत दोन वाजले.

"सुशील, गाडी बर्डीवर घे," हर्षा म्हणाली.

"आधी घरी," मागून मनोहरराव.

"बाबा, दुसऱ्याच्या घरी जाऊ नाही असा नियम आहे. किल्ला काय कोणाचं घर आहे?"

"तिथं जवान राहतात. ते माणसं नाही काय?"

"त्यायच्या घरात जाऊन आपण चहा पिणार आहो काय?"

"हर्षा," सुशील हळूच म्हणाला.

"काय हर्षा?"

गाडी प्रताप नगरकडं वळली. रस्त्यात चौकाचौकात झेंडे लावलेल्या मोटारसायकलींचे जथे होते. एका चौकात देशभक्तीची गाणी एवढ्या जोरात लागली होती की गाडीच्या काचा थरथरत होत्या. हर्षाला ते बरंच वाटलं. निदान कोणाशी बोलावं लागलं नाही.

घरी आल्यावर अंगणातल्या नळावर सगळ्यांनी हातपाय धुतले. मनोहररावांनी त्यावर समाधान न मानता आंघोळ केली, आणि आंघोळीनंतर जरा पाठ टेकतो म्हणाले. ती जरा पाठ दहा मिनिटांत घोरू लागली. जयवंताबाई मोजे पुन्हा चढवून सोफ्याच्या त्याच टोकाला येऊन बसल्या.

आता मात्र हर्षाचा पारा चढला. "आई, तुम्ही बोलत काहून नाही? सकाळपासून मीच एकटी भांडून राहिली. किल्ला तुमाले पाहाचा आहे का मले?"

"बोलून काय होते वं. उठतीन ते."

"उठेपर्यंत चार वाजतीन. उठा. आपण दोघीच जाऊ. अर्ध्या तासात मेट्रोनं बर्डी. त्यायले झोपू द्या."

जयवंताबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. हर्षाला वाटलं आता या नवऱ्याची भीती सांगतील, आणि ते ऐकायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"तसं नाही वं," त्या म्हणाल्या. "त्यायनं बी कुठं पाह्यला? मले सांगितलं होतं न, कोणाले जाऊ देत नाही म्हणून. इतके वर्सं नागपूरले येऊन राहिले, खालूनच वापस गेले बिचारे. म्हटलं, दोघांनं संगच पाहू. एकटीनं पाहून आली तर मले गोड नाही लागन."

हर्षा उठली, आत गेली आणि सासऱ्यांच्या खोलीतला पंखा बंद केला. पाच मिनिटांत मनोहरराव चुळबुळत जागे झाले. घराबाहेर पडताना सव्वातीन झाले होते.

गर्दीतून वाट काढत किल्ल्याच्या चढाखाली पोचेपर्यंत पावणेचार झाले, आणि तिथं गाडी लावायला जागा नव्हती. सुशीलनं त्यांना उतरवून गाडी पुढं नेली. जयवंताबाई गुडघ्यावर हात ठेवून चढू लागल्या. हर्षानं दंड धरायला हात पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. वरून माणसांचे लोंढे उतरत होते, पोरांच्या गालांवर तिरंगे रंगवलेले. फाटकाशी पोचल्या तेव्हा जवान अडसर लावत होता. चार वाजून सहा मिनिटं.

"माताजी, बंद हो गया," तो म्हणाला.

हर्षानं त्याला हिंदीत विनवलं, मराठीत विनवलं, मी शिक्षिका आहे हेही सांगून पाहिलं, त्याचा काय संबंध होता कोण जाणे. सत्तेचाळीस वर्षांची गोष्ट थोडक्यात सांगितली. जवान तरणा होता आणि त्याला वाईट वाटत होतं. "हमारे हाथ में नहीं है, मैडम. एक मई को आइए."

जयवंताबाई अडसराच्या अलीकडं उभ्या होत्या. आत वळण घेत वर जाणारा रस्ता तेवढा दिसत होता. तेवढाच त्या पाहत होत्या.

मागून मनोहरराव धापा टाकत आले. अडसर पाहिला. "झालं बंद? चाला मंग. काही नाही पाहण्यासारखं तिथं. दोन तोफा आहे, साहेब लोकांच्या कबरी आहे, बाकी सारी झाडंच झाडं."

"तुमाले कसं माहीत?" हर्षानं विचारलं.

"पाह्यला न मी. तीनदा पाह्यला." मनोहरराव घाम पुसत बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांना बरं वाटू लागलं होतं. "गोपाळ अन् मी. एकदा तर पंधरा ऑगस्टले पाण्यात भिजून पाह्यला. वरून सारं नागपूर दिसते. गोपाळले लय आवडायचं."

सुशील गाडी लावून नुकताच वर आला होता. तो जिथं होता तिथंच थांबला.

"कवा?" जयवंताबाईंनी विचारलं.

"झाले आता तीस-पस्तीस वर्सं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"त्यात काय सांगाचं?"

मनोहरराव हे रागानं म्हणाले नाहीत, लपवण्यासाठीही म्हणाले नाहीत. त्यात सांगण्यासारखं काही होतं हे त्यांना खरोखरच सुचलं नव्हतं. हर्षाला दिवसभर त्यांचा राग आला होता, पण तो राग म्हणजे काहीच नव्हता हे तिला आता कळलं. तिला त्यांच्याकडं बघवेना.

जयवंताबाई बाजूच्या कठड्यावर बसल्या. त्यांनी जवानाला हाक मारली. "बाबू, एक मईले किती वाजता उघडते?"

"सुबह नौ बजे, माताजी."

"पक्कं?"

"पक्का."

"मंग मी इथंच राहीन," जयवंताबाई म्हणाल्या. "एक मईले किल्ला पाहीन अन् मंगच गावाले येईन."

मनोहरराव हसले. कोणी साथ दिली नाही तेव्हा थांबले. "काहीतरी फालतू. मिरचीचा तिसरा तोडा सुरू आहे. वावरातल्या बाया कोण पाहीन? मिरची वाळवाले कोण टाकन?"

"तुम्ही."

"मी?"

"तुमचं सारं पाहून झालं आहे न. आता मिरची पाहा."

मनोहररावांनी फोन काढला आणि लेकीला लावला. चढावर वारं होतं म्हणून त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला. "कामिनी, समजव तुह्या मायले. तीन महिने नागपुरात राहतो म्हणते. किल्ल्यासाठी! म्या म्हटलं तिथं काही नाही, मी तीनदा पाह्यला, गोपाळसंग, तर तोंड फुगवून बसली."

पलीकडं कामिनीनं नळ बंद केला. मग तिचा आवाज आला. "बाबा, तुम्ही तीनदा गेले होते?"

"हौ."

"आईले न सांगता?"

मनोहररावांनी फोन बंद केला. सुशीलकडं पाहिलं, पण तिथून काही मिळेल असं त्यांना वाटलं नसावं. ते हर्षाकडं वळले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला होता. "हर्षा, तू सांग तिले. तुमच्या घरी कुठं जागा आहे? मेघाची दहावीची परीक्षा आहे. तुह्या शाळेची तारांबळ. तीन महिने कसं होईन?"

बोलले ते खोटं नव्हतं. झोपायच्या दोनच खोल्या, एक न्हाणीघर, मेघाची पुस्तकं पार स्वयंपाकघरात आलेली. जयवंताबाई पहाटे चारला उठून भांडी वाजवणार, प्रत्येक भाजीत दुप्पट तिखट घालणार, आणि फ्रिजमधलं काही शिळं आहे म्हणून खाणार नाहीत. उद्या सकाळी हे दोघं गेले की दुपारभर आडवं व्हायचं, एवढं एकच सुख हर्षानं शनिवारपासून डोळ्यांसमोर धरलं होतं. तिनं नुसतं 'आई, बाबा बरोबर म्हणून राहिले' म्हटलं असतं, तरी जयवंताबाई उठून चालू लागल्या असत्या. त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. सासूनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, मागणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आई, पातळं किती आणले?" हर्षानं विचारलं.

"दोन."

"तेवढ्यात नाही भागणार. उद्या बर्डीवर येऊन चार घेऊ."

जयवंताबाईंनी मान वर केली. डोळे भरले होते, पण रडल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि हर्षानं त्यांना उठवलं. या वेळी त्यांनी दंड धरू दिला.

दोघी चढ उतरू लागल्या. मनोहरराव तिथंच उभे होते, टोपी हातात घेऊन. "अन् मी?" त्यांनी मुलाला विचारलं. "मी उद्या एकटाच जाऊ काय गा?"

हर्षाला मागं वळून पाहायची गरज नव्हती. सुशील कोणते दोन शब्द म्हणणार हे तिला एकोणीस वर्षांपासून पाठ होतं.

"बाबा," सुशील म्हणाला, "भिवापूरची गाडी सातले आहे. मी बसवून देतो."